सुटला की सोडला

आधीच सांगून ठेवते, मी खोटं बोलले नाही. मी फक्त गप्प बसले. आता सत्यवती गप्प बसली, ही आमच्या घरात एवढी मोठी घटना आहे की तेवढ्यावरूनच कोणाला तरी संशय यायला हवा होता. नाही आला. त्याला मी काय करू?

मी कामोठ्यात इंग्रजी बोलायचे क्लास घेते. पाटीवर लिहिलंय, ‘नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी’. माहेर पनवेलच्या कोळीवाड्यातलं. वडील दिनानाथ, त्यांना सगळा कोळीवाडा नाना म्हणतो. वय शहात्तर, गुडघे गेलेत, पण आवाज बंदरापर्यंत जातो. आई गुणाबाई, तिचा आवाज बंदर ओलांडून पुढे जातो. माझा कुठून आला ते वेगळं सांगायला नको.

आणि पूर्वी ही माझी भाची. माझी धाकटी बहीण वेणू गेली तेव्हा पूर्वी चार वर्षांची होती. बाप वर्षाच्या आत दुसरं लग्न करून मोकळा झाला आणि पोरीला वाढवलं ते नाना-आईनं. नानांनी तिला नर्स केलं. आयर्लंडच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा विमानतळावर सोडायलाही तेच गेले. तिच्या गावाचं नाव गॉलवे. नाना म्हणतात गलबत. ‘आमची पूर्वी गलबतला असते.’ ऐकणाऱ्याला वाटतं पोरगी जहाजावर आहे.

नानांची पूर्वीच्या लग्नाबाबत एकच अट होती आणि ती पोरगी दहा वर्षांची असल्यापासून होती. "पोरगा काला असूं दे, गोरा असूं दे, टकला असूं दे. कोळी पायजे." बस. पत्रिका नको, बंगला नको, कोळी पाहिजे. आणि पूर्वीनंही स्वतःला एक अट घालून घेतली होती. नाना नाही म्हणाले तर नाही. नानांसमोर तिला खोटं बोलता येत नाही. लहानपणी बरणीतलं कोळंबीचं लोणचं खाऊन स्वतःच जाऊन सांगायची की मी खाल्लं. असली पोर.

तर दोन हजार तेराची दिवाळी नुकतीच झाली होती. रविवारी नाना आणि आई रिक्षा करून माझ्या क्लासवर यायचे, कारण स्काइप माझ्या कॉम्प्युटरवर. त्या रविवारी पूर्वी स्क्रीनवर आली ती चेहरा पाडूनच.

"नाना, मला एक मुलगा आवडतो. तिकडचा नाही, इकडचाच आहे. तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला."

नानांच्या मिश्या खाली आल्या. आईनं पदर तोंडाला लावला. मी खडू मोडला.

"करतो काय?" नाना.

"शाळेत भूगोल शिकवतो."

"भूगोल र्‍हाऊं दे. घरचे काय करतात?"

"घरचे ना, मासे पकडतात. त्याचे बाबा, आजोबा, पणजोबा, सगळे. तो पण. म्हणजे काय आहे ना नाना, ते..."

आणि नेट गेलं.

देवाशपथ सांगते, तिथेच गेलं. पोरीचं तोंड उघडं राहिलं आणि स्क्रीन थिजली. मी वायर काढली, लावली, कॉम्प्युटरला दोन थपडा दिल्या. मागे वळून बघते तर नाना खुर्चीवरून उठून उभे. गुडघे नसलेला माणूस, हातांचा आधार न घेता!

"आदी नाय सांगायचं? कोळी हाय! पनज्यापासून कोळी हाय! आये एकवीरे, सात समुंदरापलीकडं तू माज्या पोरीला कोळी गाटून दिलास!"

रात्री पूर्वीचा मला फोन. "मावशी, नेट गेलं. तू नानांना नीट सांग हं. हा कोळी-बिळी नाही. मास्तर आहे. मासे नुसते हौसेनं पकडतो, डोंगरातल्या तळ्यांवर जाऊन. मला नानांना फसवायचं नाही."

"सांगते," मी म्हटलं. "उद्याच सांगते."

दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यात गेले. नाना ओट्यावर बसून पेढे वाटत होते. समोर अर्धी आळी. कोणी विचारतंय, तिकडे नारळी पुनवेला सोन्याचा नारळ टाकतात का. कोणी विचारतंय, गोऱ्या कोळणी मार्केटात बसतात तेव्हा भाव इंग्रजीत करतात का. नाना सगळ्यांना उत्तरं देत होते, जणू काही स्वतः जाऊन आलेत. कित्येक वर्षांत मी माझ्या बापाला इतका खूश बघितला नव्हता. वेणू गेल्यापासून तर नाहीच. त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. आता तोंडात पेढा असताना माणूस कसं बोलणार? मी पेढा गिळला, आणि बोलायचं होतं तेही गिळलं. मग रोज म्हणायचे, उद्या सांगू. रविवारी स्काइपवर ‘कोळी’ शब्द निघाला की मी वायर काढायचे, आणि पूर्वीनं विचारलं की म्हणायचे, नाना खूश आहेत. उद्या उद्या करता जानेवारी उजाडला आणि पूर्वीबरोबर तो विमानातून उतरला.

त्याच्या नावापासून आमची सुरुवात. पासपोर्टवर टी, ए, डी, एच, जी. मी, इंग्रजीची बाई, तीनदा वाचलं आणि म्हटलं, "वेलकम, तढग." पूर्वी म्हणाली, "मावशी, टायग म्हणतात." मग डी आणि एच कुठे गेले? आणि एवढी अक्षरं बोलायचीच नव्हती तर लिहिली कशाला? माझा पाराच चढला. नानांनी मात्र प्रश्न एका दमात सोडवला. "टायगर," ते म्हणाले. संपलं. सगळा कोळीवाडा टायगर म्हणायला लागला, आणि हा सहा फुटी, लाल दाढीचा, उन्हानं कोळंबीसारखा भाजलेला टायगर प्रत्येकाला हात जोडत सुटला.

आणि त्याचं इंग्रजी! शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून बाहेर पडायचे. तो अर्धा मिनिट बोलला की मला ‘नो’ तेवढं कळायचं आणि तेही ‘नो’ होतं की ‘नाऊ’ याची खात्री नाही. आजूबाजूला माझ्या क्लासच्या दोन विद्यार्थिनी उभ्या. काय म्हणाला मॅडम? मी म्हणायचे, "प्रवास चांगला झाला म्हणतोय." दिवसभरात त्याचा प्रवास सात वेळा चांगला झाला.

जेवायला आईनं काय नाही केलं? पापलेट, कोळंबी, जवळा, बोंबील. नाना समोर बसून त्याच्या बोटांकडे बघत होते. त्यानं चमचा बाजूला ठेवला, बोंबील उचलला, एका ओढीत मधला काटा अख्खा बाहेर काढला आणि ताटाच्या कडेला नीट आडवा ठेवला. मग दुसरा. मग सहावा.

"बगितलंस?" नाना माझ्या कानात ओरडले. "काटा बग कसा काडला. आयशप्पत कोळी."

नशीब, पूर्वी तेव्हा आत पाणी आणायला गेली होती. मी भात कालवत राहिले.

जेवणानंतर नानांनी जाळं विणायला घेतलं, तसा तो पण आपली पिशवी घेऊन जवळ जाऊन बसला. पिशवीतून केसासारखा बारीक दोरा काढला, त्याची गाठ मारली आणि आवळायच्या आधी थुंकी लावून ओली केली. नानांचे हात थांबले. नानाही गाठ आवळायच्या आधी थुंकी लावतात. त्यांच्या बापानं शिकवलेलं, कोरडी गाठ आवळली की दोरा जळतो. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकाच वेळी हसले. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. "थुकीची गाठ हाय याची पन," ते म्हणाले. मला ओट्याखाली जाऊन लपावंसं वाटत होतं.

मग त्यानं पिशवीतून एक चपटी डबी काढली. नाना पुढे वाकले. आतमध्ये ओळीनं टोचलेल्या माश्या. कोंबडीच्या पिसाच्या, सशाच्या केसाच्या, चकचकीत दोऱ्याच्या. प्रत्येकीच्या पोटात गळ. कामोठ्याच्या मार्केटात बोंबलावर बसतात तशा हुबेहूब.

"यां काय?"

"फ्लाय," मी म्हटलं. "माशी. हा स्वतः बनवतो. खोटी माशी पाण्यावर टाकतो, तिला भुलून मासा येतो."

आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सत्ये, नीट इचार. रिकामी मानसं माश्या मारतात. यो बनवतो?"

"आनी जाळं?" नानांनी विचारलं. "जाळं कुठं हाय याचं?"

तेवढ्यात पूर्वीनं लॅपटॉपवर फोटो दाखवायला घेतले म्हणून वाचले. डोंगर, काळं पाणी, ढग. एक पण घर नाही, एक पण माणूस नाही. तळ्याला जायला रस्ता नाही. दोन तास गुडघाभर चिखलातून चालत जायचं, दिवसभर पावसात उभं राहायचं, ट्राउट नावाचा वीतभर मासा धरायचा आणि पुन्हा दोन तास चालत यायचं.

"नवस बोललाय का कसला?" आईनं हळूच विचारलं.

"गोड्या पान्यातला?" नाना म्हणाले. "तल्यातला?" आमच्यात गोड्या पाण्यातला मासा म्हणजे मासा नाही, चिखलाला फुटलेली शेपटी. पण नानांनी स्वतःलाच समजावलं. "असूं दे. त्याच्या गावाला समुंदर नसंल."

समुद्र होता. गॉलवेला भरपूर समुद्र आहे. मी गप्प बसले.

"उद्या काशिरामच्या तल्यावर जाऊं," नाना म्हणाले. "बगूं कसा धरतो ते. धरला, का मी तितंच सुपारी फोडतो."

पूर्वीनं माझा हात असा दाबला की बांगडी वाढवायची वेळ आली. "मावशी," ती कुजबुजली, "नाना इतक्या सहज तयार होतील असं वाटलं नव्हतं. कोळी नाही म्हणून कळल्यावर पण."

मी म्हटलं, "हूं."

काशिराम म्हणजे नानांचा जुना मित्र, आगरी. पळस्प्याच्या पलीकडे त्याची जमीन, त्यात त्यानं मोठं तळं खणलंय आणि रोहू सोडलेत. नाना आणि तो चाळीस वर्षं एकमेकांना शिव्या देत आलेत आणि एकमेकांशिवाय दोघांना करमत नाही. सकाळी दहाला आम्ही पोचलो. नानांसाठी काठावर खुर्ची मांडली. नानांनी खरंच खिशातून सुपारी काढून मांडीवर ठेवली. आईनं शेजारी अडकित्ता ठेवला. काशिराम नवीन टोपी घालून आलेला.

टायगरनं काठी जोडली आणि दोरी मागे-पुढे, मागे-पुढे हवेत फिरवायला लागला. पाण्यात काही टाकेच ना.

"दिनानाथ," काशिराम म्हणाला, "तुजा जावाय मासं धरतोय का माश्या हाकलतोय?"

"गप बस रे. तिकडची पद्धत हाय."

"तिकडं मासं काय वरनं उडतात?" असं म्हणत काशिराम नीट बघायला दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला. जिथे उभा राहायला नको बरोबर तिथे. दोरी मागे गेली, पुढे आली, आणि काशिरामची नवी टोपी डोक्यावरून उठली, झुपकन हवेतून गेली आणि तळ्याच्या मधोमध जाऊन पडली.

आई पोट धरून खाली बसली. टायगर लालचा जांभळा झाला. सॉरी सॉरी करत त्यानं टोपी ओढत काठाला आणली, गळ सोडवला, टोपी पिळली आणि दोन्ही हातांनी काशिरामच्या डोक्यावर ठेवली.

"पयला मासा आगरी निगाला!" नाना ओरडले, आणि त्यांना एवढं हसू आलं की काशिरामनं त्यांची पाठ चोळली. काय सांगू, इतकं छान चाललं होतं.

मग टायगरनं डबीतून एक बारकी तपकिरी माशी काढली, थुंकीनं गाठ ओली केली आणि ती अशी अलगद पाण्यावर टाकली की तरंग उठला नाही. माशी बसली. माशी सरकली. आणि पाणी फुटलं.

काठी वाकली. रोहू होता, चांगला दोन किलोचा. डावीकडे पळाला, उजवीकडे पळाला, झाडाच्या मुळाकडे शिरला. नाना खुर्चीतून उठले. "ढील दे! ढील दे रे टायगर! आता वड! घाई नको, घाई नको!" आणि कमाल म्हणजे नाना मराठीत ओरडत होते आणि तो बरोबर तसंच करत होता. वीस मिनिटं चाललं. शेवटी मासा थकून काठाशी आला. टायगर गुडघाभर पाण्यात उतरला, हात भिजवले, आणि मासा उचलून धरला. उन्हात खवलं चमकली. पूर्वीनं टाळ्या वाजवल्या. नानांनी सुपारी अडकित्त्यात धरली.

टायगरनं गळ काढला. माशाच्या डोक्यावर ओठ टेकवले. मग त्याला पाण्यात धरलं, पुढे-मागे हलवलं, जसं बाळाला न्हाऊ घालतात, आणि हात उघडले.

मासा गेला.

अडकित्ता तसाच राहिला.

"सुटला?" नानांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "सत्ये, सुटला ना गं?"

इथे माशी शिंकली, आणि ती माशी मी.

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. मासा सुटतो. कोळ्याच्या हातून रोज सुटतो. सुटलेल्या माशाचं कोणाला काही वाटत नाही, उलट संध्याकाळी तो पाच किलोचा होतो. पूर्वी माझ्याकडे बघत होती. आई माझ्याकडे बघत होती. पण मला आला राग. दोन महिने गिळलेला पेढा, टी ए डी एच जी, सात वेळा चांगला झालेला प्रवास, आणि आता हातात आलेला दोन किलोचा रोहू! चांगलं चाललेलं असताना असं कोणी करतं का? माझ्या तोंडून फाडफाड बाहेर पडलं, "सुटला कसला, सोडला त्यानं! मुद्दाम सोडला! मुका घेतला आणि सोडला!"

बोलायचं होतं तेव्हा गप्प बसले, गप्प बसायचं होतं तेव्हा बोलले. असा माझा स्वभाव आहे आणि तो मला आवडत नाही.

नाना टायगरकडे बघत राहिले. तो पाण्यात उभा, हसतोय, अंगठा वर केलेला. त्याला वाटत होतं आपण जिंकलो.

"कोळी असून?" नाना म्हणाले. "हातातला मासा? कोळी असून?"

"नाना, तो कोळी कुठे आहे?" पूर्वी म्हणाली. मग ती सावकाश माझ्याकडे वळली. "मावशी. तू सांगितलं नव्हतंस?"

तळ्यात बुडून मरावं तर पाणी कमरेएवढं.

मी सगळं सांगितलं. नेट, पेढा, उद्या, सगळं. रडत सांगितलं, कारण मला खरोखर रडू आलं. नाना मला एक शब्द बोलले नाहीत, त्यापेक्षा दोन मुस्काटात दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी सुपारी उचलून परत खिशात घातली.

"कोळी नाय ते एक वेळ चाललं असतं," ते म्हणाले. "खोटं तू केलंस, सत्ये, त्यानं नाय. पन पूर्वे, जो मानूस हातात आलेला जीव एवढ्या सहज सोडतो ना, त्याच्या हातात मी तुला देनार नाय. बापानं तुला सोडलं तवा तू चार वर्साची होतीस. परत कोन सोडायला नको. आपली ना हाय."

पूर्वीनं फक्त मान हलवली. ठरलेलंच होतं तिचं, नाना नाही म्हणाले तर नाही. ती काशिरामच्या गाडीत जाऊन बसली. परतीच्या वाटेवर काशिरामच्या टोपीतून पाणी ठिबकत होतं तेवढंच.

कोळीवाड्यात आलो. नाना ओट्यावर बसले आणि फाटकं नसलेलं जाळं दुरुस्त करायला लागले. आत पूर्वी बॅग भरत होती, तिची वेगळी, त्याची वेगळी. टायगर दारात उभा. आता त्याचाही रंग उतरलेला. तो मला म्हणाला, आणि पहिल्यांदाच मला त्याचा शब्द न शब्द कळला, कारण तो एकेक शब्द वेगवेगळा बोलला, "काय म्हणाले ते? सगळं सांगा."

मी सांगितलं. काही गाळलं नाही, काही घातलं नाही. आयुष्यात एवढं नीट भाषांतर मी केलेलं नाही. बापानं सोडलं ते पण सांगितलं.

तो दारातून बाहेर आला. मग ओट्यावर चढला आणि नानांच्या समोर मांडी घालून बसला. लांब तंगड्या, मांडी काही नीट बसेना, पण बसला. मी भाषांतराला पुढे झाले तर त्यानं हातानं थांबवलं. सकाळपासून कानावर पडलेले ‘सोडला’ आणि ‘परत’ हे दोन मराठी शब्द त्याला पक्के पाठ झाले होते.

"नाना," तो म्हणाला. "पूर्वी..." आणि छातीवर बोट ठेवलं. "टायगर सोडला."

नानांनी वर बघितलं.

त्यानं तीन बोटं दाखवली. "मे सोडला. मे सोडला. मे सोडला." मग दोन्ही हातांनी हवेत, पाण्यातून पोहत येतात तसं केलं. "टायगर परत. टायगर परत." तिसऱ्या वेळी त्यानं ओट्यावर हात आपटला. "टायगर पनवेल."

आम्हाला काही कळेना. आई म्हणाली, "याला ऊन लागलं."

आतून पूर्वी आली. हातात अर्धवट घडी केलेला शर्ट, त्याचाच. "खरं आहे नाना," ती म्हणाली. "मी दर वर्षी मे महिन्यात घरी येते ना. यायच्या आधी दर वर्षी त्याला सांगायचे, संपलं आपलं. तुम्ही विचारलं असतं, कोणी आहे का म्हणून, तर मला खोटं बोलता आलं नसतं. म्हणून सोडूनच यायचे. तीन वर्षं झाली. आणि मी परत गेले की हा विमानतळावर उभा. एकदा मी तारीखसुद्धा सांगितली नव्हती."

आणि मग मला आठवलं, दर मे महिन्यात पोरगी यायची ती कशी रया जाऊन यायची. आम्ही म्हणायचो, प्रवासाचा शीण. तिचाही प्रवास दर वेळी चांगला झाला असं मीच सगळ्यांना सांगायचे.

नानांनी हातातली सुई खाली ठेवली. टायगरच्या तीन बोटांकडे बघितलं, पूर्वीच्या हातातल्या शर्टाकडे बघितलं.

"म्हंजे, थांब," ते म्हणाले. "त्यानं तुला सोडलं नाय. तू त्याला सोडलंस."

"हो."

"तीनदा."

"हो नाना."

"आनी यो येडा तीनदा परत गलाला लागला."

पूर्वी हसली की रडली कोण जाणे, दोन्हींचा मिळून काहीतरी आवाज आला.

नाना आईकडे वळले. मिश्या वर यायला लागल्या होत्या. "गुणाबाय, ऐकलंस? आपन कवाधरनं इचारतोय, यो कोळी हाय का, यो कोळी हाय का. अगं, कोळीन आपली पोर हाय. यो मासा हाय!"

"मंग?" आई म्हणाली.

"मंग काय मंग? मासा घरात घ्यायला कोन्या कोल्यानं कवा जात इचारलीय?" त्यांनी खिशात हात घातला. "अडकित्ता कुठं हाय?"

अडकित्ता काशिरामच्या तळ्यावर राहिला होता. आईनं सुपारी खलबत्त्यात घालून एका घावात फोडली. आवाज बंदरापर्यंत गेला असेल.

टायगर आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. सगळे हसतायत, पूर्वी रडतेय, म्हातारी काहीतरी फोडतेय. त्यानं माझी बाही ओढली. "काय म्हणाले?"

"म्हणाले," मी इंग्रजीत सांगितलं, "तू सापडलास."

त्यानं क्षणभर विचार केला. इतकी वर्षं एकट्यानं तळ्यांवर जाणारा माणूस तो, त्याला पुढचा प्रश्न सुचणारच होता.

"आणि आता सोडणार?"

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "आमच्यात सोडत नाहीत."